पंख्याची वाकडी पाती

१

कुपीच्या मानेवरचा तडा केसापेक्षाही बारीक होता. सर्वेअरबाईंनी कुपी खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा तो दिसला नाही. जराशी फिरवली तेव्हा चांदीच्या तारेसारखा लखकन चमकला आणि पुन्हा नाहीसा झाला.

एवढ्याशा तड्यातून हवा आत शिरली होती, आणि हवेबरोबर जंतू. चौतीस वर्षांचा एक बसड्रायव्हर हर्नियाच्या साध्या ऑपरेशनसाठी स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेला होता. पाचव्या दिवशी तो चौघांच्या खांद्यावरून बाहेर आला. आणखी सात जण वेगवेगळ्या दवाखान्यांत तापाने फणफणत पडले होते. आठही जणांना इंजेक्शन दिलं गेलं होतं ते याच कारखान्यातल्या कुप्यांतलं.

"आमच्याकडून झालं ते झालं," कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. दोन रात्री झोप नसल्यासारखे त्यांचे डोळे सुजले होते. "पण कसं झालं ते आम्हाला सापडलंय. चौदा तारखेला दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तपासणी मशीनचा कडकपणा नऊवरून चारवर आणला गेला. मास्तरांच्या पासवर्डने. त्या कुप्या चौदालाच भरलेल्या. चौदापासूनचा सगळा माल आम्ही परत मागवलाय."

सर्वेअरबाई विमा कंपनीच्या. आगी, स्फोट, बुडालेली गोदामं असं सगळं पाहून त्यांचे केस पिकले होते. त्याआधी त्या वडिलांच्या फोटो स्टुडिओत बसून लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग बारीक ब्रशने पुसायच्या. त्यामुळे कुठल्याही चित्राकडे पाहिलं की त्यांची नजर आधी दोषाकडे जायची. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा.

"मास्तर म्हणजे?"

"तपासणी मशीनवर बसतात ते. पूर्वी शाळेत होते, म्हणून मास्तर."

"मग मास्तर काय म्हणतात?"

मॅडमनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं. पंचावन्नच्या आसपासचा, रुंद पंजांचा, नखांत ग्रीस मुरलेला. हा देखभाल विभागाचा प्रमुख. हट्टाला पेटलेली यंत्रंही याच्या हाताखाली सुतासारखी सरळ होतात, म्हणून त्याला उस्ताद म्हणत.

"काहीच म्हणत नाही तो, बाई," उस्ताद खाली बघत म्हणाला. "निलंबनाचं पत्र घेतलं, सही केली आणि डबा उचलून घरी गेला. मी केलं नाही, एवढंसुद्धा म्हणाला नाही."

२

कारखान्यात शिरायला टोपी, कोट, पायांत कापडी मोजे असा सगळा साज चढवावा लागला. आत कुप्यांची रांग धावत होती. धुतलेल्या, भरलेल्या, बूच बसवलेल्या कुप्या मिनिटाला तीनशेच्या वेगाने पट्ट्यावरून खळखळत यायच्या. मानेवर राहिलेलं पाणी उडवायला पट्ट्याच्या पलीकडे एक छोटा तीन पात्यांचा पंखा भणभणत होता. मग कॅमेरा. मुठीएवढं पोलादी घर, त्यावर नंबरची पट्टी. घराच्या चारही स्क्रूंवर निळ्या रंगाचा एकेक ठिपका. कुणी स्क्रू फिरवला तर रंग तडकावा आणि चोरी उघडी पडावी, म्हणून.

खरेदी अधिकारी सोबत होते. काटकसरीमुळे पाठीमागे सगळे त्यांना दमडीसाहेब म्हणत, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

"बघा," ते पट्टीवर बोट ठेवत म्हणाले. "हा तो इंडस्ट्रियल ग्रेडचा सेन्सर. साध्याच्या तिप्पट किमतीचा. दोन वर्षं मी नको नको म्हणत होतो. मोबाईलमध्येसुद्धा याच्यापेक्षा जास्त मेगापिक्सेल असतात, बाई! पण उस्तादांनी भर मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटला. म्हणाले, उकाडा, वाफ, थरथर, काहीही होवो, दहा वर्षं याच्याकडे बघावं लागणार नाही. मॅडम पडल्या त्यांच्या बाजूने. मी घेतला. बिल आहे, कंपनीचं पत्र आहे, नंबर जुळतोय, सील शाबूत आहे. तरी माणूस मेलाच ना? मग काय उपयोग त्या तिप्पट किमतीचा?"

त्यांच्या बोलण्यात दुःख होतं, पण त्याला विजयाची बारीकशी किनारही होती. ती त्यांना स्वतःला दिसत नसावी.

"कॅमेरा चांगलाच होता," बाई म्हणाल्या. "तुमचं म्हणणं, त्याला कुणीतरी डोळेझाक करायला लावली."

"मास्तरांनी. दुसऱ्या कुणाचा पासवर्ड नाही."

"का लावली असेल?"

दमडीसाहेबांनी खांदे उडवले. "बाद कुप्यांचा डबा रिकामा करायला उठावं लागतं. माणूस म्हातारा झाला की कंटाळतो."

बाईंनी मशीनशेजारचा तो डबा पाहिला. तळाशी जेमतेम वीस-पंचवीस कुप्या होत्या. भिंतीवर रोजच्या बाद कुप्यांचा तक्ता लावलेला होता आणि त्यांची नजर त्यावरून खाली उतरत गेली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रोज दोनशेच्या आतबाहेर. नऊ तारखेला एकोणीसशे. दहाला तेवीसशे. चौदापर्यंत तसंच. आणि पंधराला पुन्हा दोनशे.

"नऊ तारखेला एवढ्या कुप्या का बाद झाल्या?"

दमडीसाहेबांनी तक्ता प्रथमच पाहिल्यासारखा पाहिला. "काचच खराब आली असेल," ते म्हणाले. पण काचेची खरेदीही तेच करत, आणि वाक्य तोंडातून निघताच त्यांचा चेहरा उतरला.

३

मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार त्यांच्या बायकोने उघडलं, अर्धंच.

"विम्याच्या का? या. सगळ्यांनी विचारून झालंय, तुम्हीही विचारा." तिने पाण्याचा पेला टेबलावर जरा आपटूनच ठेवला. "तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढल्या यांनी. आता स्वतःवर लाल रेघ ओढली तर तोंडातून शब्द नाही."

मास्तर खिडकीशी बसले होते. शांत, दाढी वाढलेली, जाड चष्मा.

"मास्तर, तुम्ही कडकपणा कमी केलात?"

"नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू?" ते म्हणाले. "पासवर्ड माझा. खुर्ची माझी. माझ्या खुर्चीसमोरून ती कुपी गेली आणि तो पोरगा मेला. त्याला दोन मुली आहेत, पेपरात फोटो होता. मी नाही केलं, मी नाही केलं, असं ओरडत फिरू?"

"एक वाजून दहा मिनिटांनी तुम्ही कुठे होतात?"

"जेवायला. रोजच्यासारखा."

"तुमचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे?"

उत्तर आलं ते त्यांच्या बायकोकडून. "मागच्या वर्षी यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस पट्टी होती. काम अडायला नको म्हणून उस्ताद भावजींनी—"

"तू गप्प बस," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण ती थांबली. मग ते बाईंकडे वळले. "उस्ताद माझा पंचवीस वर्षांचा मित्र आहे. निलंबनानंतर तो एकटाच रोज येतो. बसतो, बोलत नाही, जातो. बाकी कुणी फिरकलं नाही."

बाईंनी विषय बदलला. "नऊ तारखेला डबा भरून वाहत होता. आठवतंय?"

मास्तरांचे डोळे पहिल्यांदा जागे झाले. "आठवतंय म्हणजे काय! आठ तारखेला मी रजेवर होतो, पुतणीचं लग्न ठरत होतं. नवाला येऊन बघतो तर मशीनने चांगल्या कुप्या फेकायचा सपाटा लावलेला. पडद्यावर कुप्या कललेल्या दिसायच्या, बाई. जशा काही वाऱ्यात उभ्या आहेत. पट्टा तिरका बसलाय म्हणून मी तक्रार लिहिली. पण पट्टा सरळ होता, मी स्वतः ओळंबा धरून पाहिला."

"तक्रार कुणाकडे?"

"देखभालीकडे. बघतो म्हणाले. आणि पंधरापासून आपोआप थांबलं."

आपोआप काहीच थांबत नसतं, असं बाईंच्या ओठांवर आलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मॅडम होत्या. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"नववी केस सापडलीय. बाळंतीण आहे, अतिदक्षता विभागात. कुपी आमचीच. मानेला तडा."

"तारीख?"

"तेच तर सांगतेय, बाई. दहा. ती कुपी दहा तारखेला भरलेली आहे."

दहाला कडकपणा नऊवरच होता. मास्तरांवर ठेवलेला ठपका चौदाचा. आणि परत मागवलेला मालही चौदापासूनचाच.

४

तपासणीच्या खोलीत बाई मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. मागे मॅडम, दमडीसाहेब आणि उस्ताद उभे होते.

"कडकपणा पुरता असूनही दहाचा तडा सुटला," बाई म्हणाल्या. "म्हणजे मशीनने माफ केलं नाही. मशीनला तो दिसलाच नाही. आपण एवढे दिवस साप साप म्हणून भुई धोपटत होतो. मला चित्रं दाखवा."

दर पाचशे कुप्यांमागे एक चित्र मशीन आपोआप साठवून ठेवत असे. संगणकावर ती तारीखवार रचलेली होती. पाच महिन्यांची, हजारो. आजवर ती कुणी उघडली नव्हती. सगळ्यांचं लक्ष आकड्यांवर.

बाईंनी कुप्यांकडे पाहिलं नाही. स्टुडिओत वडील म्हणायचे, आधी माणसाच्या मागचा पडदा बघ, माणूस नंतर. प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, पट्ट्यापलीकडे, तो पाणी उडवणारा पंखा अर्धवट आला होता. पाती स्पष्ट, सरळ, फिरता फिरता थिजल्यासारखी.

पुढचं चित्र. सरळ. पुढचं. सरळ. पहिल्या दिवसापासून, सेन्सर बसला त्या सकाळपासून, आठ तारखेच्या सकाळी अकरा चाळीसपर्यंत सरळ.

त्यानंतर चार तास चित्रच नव्हतं. लाईन बंद होती.

तीन वाजून पंचेचाळीस मिनिटांचं चित्र उघडलं आणि बाईंचा हात थांबला. पंखा तोच, जागा तीच. पण पाती विळ्यासारखी वाकली होती.

"पंखा बदलला का?" मॅडमनी विचारलं.

बाई काही न बोलता उठल्या. आतला पंखा त्यांनी काचेतून सगळ्यांना दाखवला, तोच जुना होता. मग खोलीच्या कोपऱ्यातला टेबलफॅन सुरू करून त्यांनी स्वतःच्या मोबाईलने त्याचा फोटो काढला आणि मॅडमच्या हातात दिला. टेबलफॅनची सरळ पाती फोटोत वाकून विळा झाली होती.

"साधा सेन्सर चित्र एकदम घेत नाही," त्या म्हणाल्या. "ओळ-ओळ वाचत वरून खाली येतो. शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचतो तोवर पातं पुढे सरकलेलं असतं, म्हणून ते वाकडं दिसतं. धावती कुपी कललेली दिसते. आणि केसाएवढा तडा त्या फराट्यात विरून जातो. तुम्ही तिप्पट किंमत मोजून घेतलेला सेन्सर सगळं चित्र एका पापणीत टिपतो. मेगापिक्सेलशी त्याचा संबंध नाही, साहेब."

"म्हणजे काय?" दमडीसाहेबांचा आवाज चिरकला.

"म्हणजे आठ तारखेला दुपारपासून त्या पोलादी घरात तो सेन्सर नाहीच."

५

दमडीसाहेबांची पाचावर धारण बसली. "सगळे आता माझ्याकडेच बघणार! मी त्याच्या विरोधात होतो, म्हणून मीच बदलला?"

"बसा," बाई म्हणाल्या. "तुम्ही स्वस्ताचा माल खऱ्या नंबराने खपवला असता, तर पाती पहिल्या दिवसापासूनच वाकडी आली असती. पाच महिने ती सरळ आहेत. तुम्ही आणलेला माल अस्सल होता."

साहेब मटकन बसले. त्यांना रडू येतंय की हसू, ते कळेना.

"पण सील शाबूत आहे," मॅडम म्हणाल्या. "निळे ठिपके मी स्वतः पाहिले."

"मीही पाहिले. सील न तोडता घर उघडता येत नाही. म्हणजे ज्याने उघडलं, त्याने परत रंग लावला. तो रंग कुठे असतो?"

मॅडमची मान सावकाश उस्तादकडे वळली.

बाईंचं बोलणं थांबलं नाही, पण त्यांचा आवाज उतरला. हे सांगताना त्यांना आनंद होत नव्हता. मास्तरांच्या घरी रोज येऊन मुका बसणारा मित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होता. "आठ तारखेला मास्तर रजेवर. लाईन चार तास बंद, वहीत लिहिलंय 'पट्ट्याची दुरुस्ती'. पण नवाला मास्तरांनी ओळंबा धरला तेव्हा पट्टा सरळ होता, आणि त्याची तक्रार गेली तीही पट्टा दुरुस्त करणाऱ्याकडेच. पुढे सहा दिवस चांगल्या कुप्या ढिगाने बाद होत राहिल्या. आणखी दोन दिवसांत कुणीतरी विचारलंच असतं, की का. ते विचारलं जाऊ नये म्हणून कडकपणा कमी करणं भाग होतं. मास्तर जेवायला गेलेले असताना, त्यांच्या पासवर्डने. तो पासवर्ड मागच्या वर्षी आठ दिवस त्यांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला माहीत होता."

उस्ताद खिडकीपाशी उभा होता. त्याने कानावर हात ठेवले नाहीत, ओरडलाही नाही. खिशातून किल्ली काढली, कोपऱ्यातला त्याचा खण उघडला आणि एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवली. नखाएवढी काचेची चकती, हिरव्या पट्टीवर बसवलेली. काचेच्या आत पाण्याचा डाग वाळला होता.

"हा तो," तो म्हणाला.

६

"पाच महिन्यांत?" दमडीसाहेब म्हणाले.

"त्याने दगा दिला नाही, साहेब. मी दिला." उस्तादचा आवाज खरखरीत झाला होता. "सकाळी काचेवर धूसर दिसलं. बाहेरूनच पुसायला हवं होतं. मी घर उघडलं. पंचवीस वर्षांत मी न उघडलेलं यंत्र नाही, याला काय होतंय, असं वाटलं. शेजारी वाफेची नळी सुरू होती. फवारा आत गेला. जागच्या जागी मेला तो. लाईन धाडकन बंद पडली."

"मग सांगायचं होतं," मॅडम म्हणाल्या. "मला सांगायचं होतंस, उस्ताद! मी काय खाल्लं असतं तुला?"

"घर उघडलं म्हणजे वॉरंटी गेली. नवीन यायला दहा आठवडे." त्याने दमडीसाहेबांकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली. "आणि भर मीटिंगमध्ये हात आपटला होता मी. दहा वर्षं बघावं लागणार नाही म्हणून. यांचं तोंड डोळ्यासमोर आलं. लोक म्हणणार, बघा उस्तादचं महागडं खेळणं. मी बाजारातून साधा सेन्सर आणला, त्याच मापाचा. नवीन मी स्वतः मागवला होता. वाटलं, येईपर्यंत ढकलू. रोज शंभर कुप्या मी हाताने भिंगाखाली बघत होतो, बाई. शपथेवर सांगतो. शंभरात एकही खराब निघाली नाही."

"दिवसाला किती भरता?"

"दीड लाख."

मॅडमनी जाऊन टेबलफॅन बंद केला.

"आणि मास्तर?" बाईंनी विचारलं. "त्यांना पत्र दिलं तेव्हा तुम्ही इथेच होतात."

"रोज त्याच्या घरी जायचो ते सांगायलाच," उस्ताद म्हणाला. "रोज जिन्यात ठरवायचो. वहिनी दार उघडायच्या, या भावजी म्हणायच्या, की तोंडाला कुलूप. माणूस मेल्यावर तर... मग कशाने उघडणार?"

मॅडम संतापून उस्तादकडे वळल्या, पण बाईंनी हात वर केला. "रागवायला जन्म पडलाय. आधी मला एक सांगा, आठ दुपार ते चौदा दुपार. या सहा दिवसांचा माल कुठे आहे?"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. तो माल त्यांनी परत मागवलाच नव्हता.

७

तासाभरात मास्तरांना गाडी पाठवून आणलं. कुठल्या दिवसाचा माल कुठे गेला, हे संगणकाआधी त्यांच्या वहीत सापडायचं. बायको सोबत आली होती. तिला दारातच उस्ताद दिसला. तिला वाटेतच सगळं कळलं होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली, ओठ हलले, पण एवढंच बाहेर पडलं, "भावजी, तुम्ही आमच्या घरी पाणी प्यायलात."

मास्तर टेबलाशी बसले, वही उघडली.

"एकशे बारा दवाखाने," ते म्हणाले. "चौघे बसलो तर संध्याकाळच्या आत होतील."

"पोलिसांना मी कळवलंय," मॅडम उस्तादला म्हणाल्या. "येतीलच ते. तू बाहेर थांब."

"येईपर्यंत मला फोन करू द्या, मॅडम." त्याने कुणाकडेही न बघता हात पुढे केला. "यादी द्या."

मॅडम हलल्या नाहीत. शेवटी मास्तरांनीच वहीचं एक पान फाडून त्याच्याकडे सरकवलं. "तारीख नीट सांग त्यांना," ते म्हणाले. "आठ दुपारपासून."

फोन सुरू झाले. मधल्या एका उसंतीत दमडीसाहेब बाईंकडे झुकले. ते सवयीनेच बोलत होते, की भीतीने, कोण जाणे. "तुमच्या अहवालात एक येईल ना, बाई? महागाचाही पाच महिन्यांत गेलाच. म्हणजे माझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं."

बाई दमल्या होत्या. तरी त्यांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, महागाचा मेला तेव्हा लाईन थांबली. चार तास एकही कुपी बाहेर गेली नाही. स्वस्ताचा जिवंत होता, रोज कामावर होता, आणि रोज खोटं बोलत होता. उकाड्यात, वाफेत, त्या वेगात त्याला खरं बोलताच येत नाही, त्याचा तरी काय दोष? जिथे चूक झाली की फक्त फोटो बिघडतो, तिथे साधा घ्या, मी स्वतः साधाच वापरते. इथे नाही." त्या थांबल्या. "पण तो महागाचा मेलाय, हे सांगायला माणूस लागतो. त्याला ग्रेड नसते. ते मी कुठल्या रकान्यात लिहू, मलाही समजत नाहीये."

दमडीसाहेबांनीही एक पान ओढून घेतलं आणि नंबर फिरवायला लागले.

चारच्या सुमारास मॅडमचा मोबाईल वाजला. बाळंतिणीचा ताप किंचित उतरला होता, पण डॉक्टर अजून काही सांगायला तयार नव्हते. मॅडमनी ते मोठ्याने सांगितलं. ते ऐकून सगळे पुन्हा कामाला लागले.

उस्तादच्या पानावरचे सतरा दवाखाने झाले होते. प्रत्येक फोनवर तो आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगत होता, मग हुद्दा, मग "चूक माझ्या हातून झालीय." कुठे शिव्या मिळाल्या, कुठे फोन आपटला गेला, तिथे तो पुन्हा लावत होता. काही ठिकाणी खोकी अजून फोडलेलीही नव्हती. तेव्हा त्याचा श्वास सुटल्याचं टेबलापलीकडे ऐकू यायचं.

अठरावा नंबर एका लहानशा प्रसूतिगृहाचा होता. पलीकडे एक परिचारिका होती, तरुण आवाजाची, घाईत. त्याने तारखा सांगितल्या. ती कपाटाकडे गेली, परत आली.

"हो, नऊ तारखेचं एक खोकं आहे आमच्याकडे," ती म्हणाली. "चाळीसचं."

"बाजूला ठेवा. एकही वापरू नका. आम्ही लगेच गाडी पाठवतोय." उस्तादने पेन उचललं. "किती आहेत त्यात?"

मास्तरांनी वहीतून मान वर केली. पलीकडे खोक्यातल्या कुप्या एकमेकींवर किणकिणल्या, त्या दोघांनाही ऐकू आल्या.

"चार उरल्यात," परिचारिका म्हणाली.